सीएसआरचा चेक, दोन खुर्च्या आणि आमची मुक्त सॉफ्टवेअरची संस्था

गंगापूररोडकर (धागाकर्ता)
शनिवार, रात्री ११.१०

मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहून टाकतो. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सहा वर्षांपूर्वी आम्ही सातजणांनी नाशिकमध्ये एक संस्था नोंदवली. सातच का, तर १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याला किमान सात माणसं लागतात. सहा होतोच, सातवा म्हणून माझ्या मेव्हण्याला धरून आणला. काम एकच ठरवलेलं: गावोगावच्या लहान वाचनालयांना मराठीतून चालणारं मुक्त सॉफ्टवेअर करून द्यायचं. पुस्तकांची दाखल नोंद, देवघेव, वर्गणीच्या पावत्या आणि वर्षाअखेरी अनुदानासाठी लागणारे तक्ते. सरकारी वर्गवारीत खालच्या, क आणि ड वर्गाचं वाचनालय बघितलंय ना? एक खोली, चार कपाटं, अर्धवेळ ग्रंथपाल आणि कोणीतरी दान दिलेला संगणक. त्या संगणकावर आमचं सॉफ्टवेअर न कुरकुरता चालावं, एवढीच महत्त्वाकांक्षा. कोड पहिल्या दिवसापासून उघडा. कोणीही उतरवून घ्या, बदला, वाटा.

संस्था मात्र तितकी उघडी नाही, हे गेल्या महिन्यात कळलं.

आधी डोमेन गेलं. ते आमच्यातल्या एकाच्या खासगी ईमेलवर घेतलेलं होतं. तो आता कॅनडात. नूतनीकरणाची पत्रं त्याच्या जुन्या मेलवर साचत होती आणि ओटीपी जात होता त्याच्या इथल्या सिमकार्डवर, जे रिचार्ज नाही म्हणून केव्हाच बंद पडलंय. अकरा दिवस संकेतस्थळ गायब. निफाडकडच्या एका वाचनालयातून फोन आला, "साहेब, संस्था बुडाली का?"

त्याच आठवड्यात एका कंपनीचा निरोप आला. सीएसआरमधून, म्हणजे कंपनीने समाजकार्यावर खर्चायच्या पैशातून, तीन वर्षं पैसे देतो म्हणाले. रक्कम अशी, की आम्ही दोन पोरांना पूर्णवेळ पगार देऊ शकू. अट दोन कलमांची: सातांच्या कार्यकारी मंडळात दोन जागा त्यांच्या माणसांना, आणि पुढे कुठली कामं आधी करायची ते त्यांना विचारून.

मंडळातले तिघं म्हणतात घेऊन टाक. दोघं म्हणतात अजिबात नको. मेव्हणा म्हणतो ताईला विचारतो. सहा वर्षांत आमच्याकडे निवडणूक झालेली नाही. वार्षिक सभा होते, म्हणजे मिसळ खायला जमतो. गणपूर्ती नसते, मग सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते. तेवढ्यात मिसळ आलेली असते.

तर प्रश्न असा: पैसे घ्यावेत का, आणि खुर्च्या द्याव्यात का?

---

चावट_चार्वाक
शनिवार, रात्री ११.२४

पहिला नंबर! मिसळ कुठली ते आधी सांगा, मग सल्ला.

---

खतावणी
रविवार, सकाळी ७.०५

धागाकर्ते, पैशाचं नंतर बघू. आधी तुमची घटना काढा आणि कार्यकारी मंडळाचा कार्यकाळ किती लिहिलाय ते वाचा. मी नोकरीची सगळी वर्षं हिशेब तपासण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर तीन संस्थांची दप्तरं लावून दिली, म्हणून सांगतो. महाराष्ट्रात सोसायटी नोंदवली की ती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवतात. मंडळात बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तुमचा सभासद कॅनडाला गेला, त्याचा राजीनामा घेतलात का? ठराव झाला का? रिपोर्ट गेला का?

दुसरं. सीएसआरचे पैसे घ्यायचे तर तुमच्याकडे आयकर खात्याची १२अ आणि ८०ग ही नोंदणी लागेल, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तो नसेल तर चेक नुसता बघायचा.

तिसरं, आणि हे तुमच्या कंपनीला हळूच विचारा. कंपनीच्या नेहमीच्या धंद्यात मोडणारं काम सीएसआरमध्ये धरत नाहीत. मग "कुठली कामं आधी ते आम्ही सांगू" यातली कामं नक्की कोणाच्या उपयोगाची? वाचनालयांच्या की त्यांच्या?

---

गंगापूररोडकर
रविवार, सकाळी ९.४०

खतावणीकाका, घटना काढली. लाज वाटते पण सांगतो. ती आमच्या कॉलनीच्या गणेश मंडळाच्या घटनेवरून उतरवलेली आहे. नाव बदललं, "उत्सव" च्या जागी "प्रकल्प" घातलं. एका कलमात ते राहून गेलंय: "प्रकल्पाची मिरवणूक काढण्याचा अधिकार अध्यक्षांस राहील."

कार्यकाळ पाच वर्षं. म्हणजे आम्ही गेलं वर्षभर कोणीच नाही आहोत.

१२अ आणि ८०ग आहे. सीएसआर-१ नाही.

---

चावट_चार्वाक
रविवार, सकाळी ९.४३

मिरवणुकीला मी येतो. +१

---

राइनकाठचा
रविवार, दुपारी १.१५

मूळचा इंदिरानगरचा, आता जर्मनीत. तुमच्या गोष्टीचं मोठं भावंड मी जवळून वाचलंय, म्हणून लिहितो.

ओपनऑफिस आठवतंय, वर्ड-एक्सेलसारखं फुकटचं सॉफ्टवेअर? सन कंपनीचं होतं. २०१० च्या जानेवारीत सन ओरॅकलने घेतली. काम करणारे जगभर पसरलेले, पण नाव आणि सर्व्हर कंपनीच्या ताब्यात. २८ सप्टेंबर २०१० ला त्यातल्या बऱ्याच जणांनी चूल वेगळी मांडली, डॉक्युमेंट फाउंडेशन जाहीर केलं. जुनं नाव ओरॅकलने दिलं नाही, म्हणून लिबरऑफिस. जर्मनीत फाउंडेशन काढायला भांडवल दाखवावं लागतं, ठरलं ५० हजार युरो. लोकांकडे मागितले आणि आठ दिवसांत जमले. फेब्रुवारी २०१२ मध्ये बर्लिनला नोंदणी झाली.

मला त्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. तिथे सभासदत्व विकत मिळत नाही. किमान तीन महिने काम केलेलं दाखवायचं आणि पुढचे सहा महिने करत राहीन असं म्हणायचं. काम म्हणजे कोडच असं नाही. भाषांतर, चुका शोधणं, मदतीची पानं लिहिणं, मेळावे भरवणं, सगळं चालतं. त्या सभासदांनी संचालक निवडायचे. शिवाय अर्ज तपासायला वेगळी समिती, तीही सभासदांनीच निवडलेली, म्हणजे संचालकांनी आपल्या मर्जीतले भरायला नकोत.

तुमच्याकडे सातजणांखेरीज सभासद आहेत तरी किती?

---

गंगापूररोडकर
रविवार, दुपारी १.५०

नोंदवहीत २३. त्यातले निम्मे आमचे वर्गमित्र, पहिल्या वर्षी शंभर रुपये दिलेले. कोणी काम केलंय म्हणाल तर पाच.

---

उगाच_का
रविवार, दुपारी ३.३०

मला ही सगळी नाटकं कळत नाहीत. कोड उघडा आहे ना? मग संस्था कशीही चालवा. नाही पटलं तर उचला कोड आणि मांडा वेगळी चूल, वरच्यांनीच उदाहरण दिलंय. निवडणुका, समित्या, ठराव आणले की साखर कारखाना होतो. पॅनेल पडतात, जेवणावळी होतात, काम राहतं बाजूला. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा एका माणसाने वर्षानुवर्षं चालवली, तहहयात हुकूमशहा म्हणवून घेत. काय बिघडलं?

जाता जाता: वाचनालयासाठी कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर आहेच की. तुम्ही वेगळं का करताय?

---

राइनकाठचा
रविवार, सायंकाळी ५.०२

उगाच_का, त्याच माणसाचं पुढचं ऐका. खिदो व्हान रॉसम यांनी १२ जुलै २०१८ ला पद सोडलं. एका छोट्या चिन्हावरून, एक अपूर्णविराम आणि एक बरोबरचं चिन्ह, इतकं भांडण झालं होतं की माणूस थकला. आणि जाताना वारस नेमला नाही. तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले. मग काम करणाऱ्यांनी आधी कारभार कसा असावा याच्याच सहा-सात योजना मांडल्या, त्यावर मतदान केलं, आणि २०१९ च्या सुरुवातीला पाचजणांची समिती निवडली. तिच्या नियमात एक ओळ आहे: पाचातले दोनापेक्षा जास्त एका मालकाचे नोकर नसावेत.

हुकूमशहा चांगला होता म्हणून इतकी वर्षं निभावलं, हे मान्य. पण तो थकल्यावर तुम्ही म्हणता तीच "नाटकं" करावी लागली ना?

---

देवघेव_पंचवटी
रविवार, रात्री ८.२०

कोहाचं विचारलंय म्हणून. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कोहाच आहे, उत्तम आहे, पण त्याला सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. ड वर्गाच्या वाचनालयात कोण सांभाळणार? त्यामुळे धागाकर्त्यांचं काम वाया नाही.

पण कोहाची खरी गोष्ट या धाग्यात यायलाच हवी. न्यूझीलंडच्या होरोफेनुआ भागातल्या ग्रंथालयाने ते १९९९ मध्ये करून घेतलं, कारण त्यांची जुनी यंत्रणा २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. २००० च्या जानेवारीत सुरू झालं आणि सगळ्या जगाला देऊन टाकलं. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट, आहेर. आपल्याकडे आहेर करताना परतीचं भान असतं ना, तसंच त्यांच्याकडेही असतं म्हणतात.

मग पुढे काय झालं? मूळ डोमेन एका कंपनीकडे होतं. ती कंपनी विकली गेली, दुसरीकडे गेली, आणि समुदायाचं तिच्याशी बिनसलं. शेवटी काम करणाऱ्यांना नव्या पत्त्यावर बिऱ्हाड हलवावं लागलं. २०११ मध्ये तर न्यूझीलंडमध्येच त्या नावाच्या ट्रेडमार्कवरून रण पेटलं. ज्या गावाने आहेर दिला, त्यालाच नावासाठी भांडायची वेळ. कोड कोणीच चोरला नव्हता. तो होता तिथेच, उघडा.

म्हणून धागाकर्ते, तुमच्या कॅनडावाल्या मित्राचं सिमकार्ड मला त्या दोन खुर्च्यांपेक्षा मोठं वाटतं. अजून काय काय कोणाच्या नावावर आहे ते एकदा लिहून काढा.

---

गंगापूररोडकर
रविवार, रात्री ९.३५

लिहून काढलं. डोमेन कॅनडात. कोडचं मुख्य खातं माझ्या नावावर. नवी आवृत्ती आमचीच आहे असं सिद्ध करणारी सहीची किल्ली एका जुन्या लॅपटॉपमध्ये, तो लॅपटॉप सिडकोत एकाच्या माळ्यावर. बँकेत दोन सह्या, त्यातली एक मेव्हण्याची. बोधचिन्ह ज्या मुलीने काढलं तिच्याकडून काहीच लिहून घेतलेलं नाही.

संस्थेच्या नावावर काय आहे म्हणाल तर रबरी शिक्का.

---

टेलचा_शेतकरी
सोमवार, सकाळी ६.१०

मला सॉफ्टवेअरमधलं फार कळत नाही, मुलगा त्यात आहे म्हणून हा धागा वाचला. आम्ही दिंडोरी-ओझर पट्ट्यातले. वाघाडच्या कालव्यावर पाणी वापर संस्था आहेत. तुमचा प्रश्न आम्ही पाण्यावरून सोडवलाय, म्हणून लिहितो.

धरण सरकारचं, पाणी सगळ्यांचं, कागदावर. पण कालव्याच्या तोंडाशी ज्याचं वावर, त्याला पाणी. शेवटाला ज्याचं, त्याला चिखल. बापू उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्राची माणसं गावात बैठका घ्यायची तेव्हा हाच विषय. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी आपणच गोळा करायची, पाळी आपणच लावायची. पुढे २००५ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यात संचालक मंडळावर माणसं घेताना कालव्याचे भाग पाडलेत: वरचा, मधला, शेवटचा. तिन्हीकडची माणसं बसलीच पाहिजेत. हेडवाल्यांनी सगळ्या जागा घेतल्या असं चालत नाही.

आता सांगा, तुमचा हेड कोण आणि टेल कोण? तुम्ही कोड लिहिता, म्हणजे तुम्ही तोंडाशी. कंपनी पैसे देणार, तीही तोंडाशीच येऊन बसणार. ज्याच्या गावात शेवटी ते सॉफ्टवेअर चालतं, तो बसलाय का तुमच्या मंडळात?

आमच्याकडेही मिसळीवर सभा होते. पण पाळीपत्रक भिंतीवर लावलेलं असतं. कोणाचं दार कधी उघडणार हे टेलच्या माणसालाही वाचता येतं.

---

खतावणी
सोमवार, सकाळी ७.३०

टेलचा_शेतकरी, नमस्कार घ्या. एवढ्या दिवसांत या संस्थळावर इतका नेमका प्रतिसाद वाचला नव्हता.

---

पान_दुमडू_नका
सोमवार, दुपारी २.४५

मी सिन्नर तालुक्यातल्या एका वाचनालयाची ग्रंथपाल. धागाकर्त्यांचंच सॉफ्टवेअर चार वर्षं वापरते. हा धागा त्यांचा आहे हे मिरवणुकीच्या कलमावरून नाही, निफाडच्या फोनवरून ओळखलं. त्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत.

तक्रार नाही, एक हकिगत सांगते. सुरुवातीला आमच्याकडे "दुसऱ्या" हा शब्द असलेली पुस्तकं शोधली की निम्मी सापडायची, निम्मी नाही. कपाटात पुस्तक समोर दिसतंय आणि संगणक म्हणतोय नाही. मी एका वहीत असे शब्द लिहायला लागले: दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, किनाऱ्याला, कोऱ्या. दोन महिन्यांत पानं भरली. मग लक्षात आलं, की मी टाइप केलेली सापडतात, आधीच्या बाईंनी टाइप केलेली सापडत नाहीत. त्यांचा कळफलक वेगळा होता. तो अर्धा र दोन तऱ्हांनी उमटतो. डोळ्यांना एकच दिसतो, संगणकाला वेगळा. वहीच्या पानांचे फोटो काढून मी संस्थेच्या व्हॉट्सॲपवर पाठवले. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झालं. आनंद झाला.

नंतर भाच्याने मला ते कोडचं पान दाखवलं, कोणी काय केलं त्याची यादी असते ते. तिथे दुरुस्तीपुढे दुसऱ्याच कोणाचं नाव होतं. (पुन्हा "दुसऱ्या"!) मला राग आला नाही. पण राइनकाठचा म्हणतात ते सभासदत्व जर त्या यादीवरून द्यायचं ठरलं, तर मी त्यात नाही. निफाडच्या बाईही नाहीत.

---

गंगापूररोडकर
सोमवार, रात्री १०.५५

ताई, ते नाव माझं आहे.

तुमचे फोटो आले तेव्हा मी आणि एक मित्र रात्री दोनपर्यंत बसलो होतो. र, हलन्त आणि न दिसणारा जोडक असा एक प्रकार. नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असा दुसरा. शोधण्याआधी दोन्ही एकाच साच्यात आणायचे, एवढंच काम. कोड सतरा ओळींचा. शोधून काढायला तुम्हाला लागले दोन महिने, आणि मी खाली लिहिलं "किरकोळ दुरुस्ती".

उद्या ती नोंद सुधारतो. त्याने फार काही होत नाही हे कळतंय.

---

उगाच_का
मंगळवार, सकाळी १०.१५

बरं, मी थोडा नमलो. पण दार सताड उघडू नका, एवढं सांगतो. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाच्या फाउंडेशनमध्ये २०१८ च्या निवडणुकीआधी एकाच कंपनीच्या नोकरांचे शंभरेक अर्ज एका दिवसात आले होते, तेही आपल्या भारतातून. वर्गणी भरली की सभासद, सभासद की मत. घ्या!

आणि २०२४ चं एक्सझेड प्रकरण आठवा, फाइली आक्रसवणारं मुक्त सॉफ्टवेअर. एका माणसाने दोन-अडीच वर्षं इमानदारीने काम करून विश्वास मिळवला, थकलेल्या सांभाळकर्त्यावर दबाव आणून किल्ल्या हातात घेतल्या, आणि मग मागचं दार बसवलं. सर्व्हरवर शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून एका अभियंत्याला शंका आली, नाहीतर जगभर पसरलं असतं. म्हणजे पैसे देणारा घुसतो तसा काम करणाराही घुसतो.

---

देवघेव_पंचवटी
मंगळवार, सकाळी ११.३०

बरोबर, म्हणून मत आणि किल्ली वेगळी ठेवायची. सभासदाला मत द्या, सहीची किल्ली लगेच देऊ नका. आणि निवडणुकीआधी काही महिने जो सभासद आहे त्यालाच मत. आपल्या गावात १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथले सभासद मतदान करून कार्यकारी मंडळ निवडतात. मतदार यादी हा नाशिककरांना नवा विषय नाही.

---

राइनकाठचा
मंगळवार, दुपारी १२.४०

मूळ प्रश्नाकडे, खुर्च्यांकडे. इथे एक घोटाळा होतोय तो सोडवतो.

कंपनीची माणसं मंडळात असणं सगळीकडे चालतं. लिनक्सचा डेस्कटॉप करणाऱ्या ग्नोम फाउंडेशनमध्ये संचालकांपैकी जास्तीत जास्त ४० टक्के एका कंपनीचे असू शकतात. पायथनचं वर सांगितलं, पाचात दोन, म्हणजे तेही ४० टक्केच. तुमची कंपनी सातात दोन मागतेय. ऐकायला कमीच वाटतं. पण ग्नोम आणि पायथनमधली माणसं आधी मतांनी निवडून येतात आणि मग ती मर्यादा लागते. ती कमाल मर्यादा आहे. तुमच्याकडे राखीव जागा मागतायत, चेकच्या बदल्यात. अपाची फाउंडेशन हेही मुक्त सॉफ्टवेअरचंच, १९९९ पासूनचं; तिथे नऊ संचालक दरवर्षी सभासद निवडतात. मोठमोठे देणगीदार आहेत, पण देणगी दिली म्हणून खुर्ची नाही. तिथे माणूस स्वतःच्या नावाने येतो, कंपनीचा प्रतिनिधी म्हणून नाही.

मजा म्हणजे चावट_चार्वाकांचं +१ तिथे खरंच मत म्हणून धरतात. कोडमधल्या बदलाला -१ दिलं तर तो अडतो, पण तांत्रिक कारण द्यावं लागतं. नुसता नन्नाचा पाढा चालत नाही.

डेबियन या लिनक्सच्या प्रकल्पात प्रमुख दरवर्षी निवडतात, पसंतीक्रमाने, आणि मतपत्रिकेवर "यांपैकी कोणी नाही" हेही असतं. आपल्या नोटासारखं शोभेचं नाही. त्याच्याखाली राहिलेला उमेदवार हरतो, दुसरा कोणी उभा नसला तरी. तुमच्या मेव्हण्याला दाखवा.

आणि मीही दरवर्षी थोडे पैसे पाठवीन म्हणतो, विदेशी देणगीचं लचांड होईल का?

---

खतावणी
मंगळवार, सायंकाळी ६.००

तुमचा पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेत, तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय असाल, तर धरतात, आणि मग एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याच्या, नोंदणीशिवाय संस्थेने एक रुपयाही घ्यायचा नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर ते खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं. एवढ्याशा संस्थेने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

---

राइनकाठचा
मंगळवार, सायंकाळी ६.०४

पासपोर्ट अजून निळाच. पाठवतो.

---

गंगापूररोडकर
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.१५

मंडळी, धागा वर काढतो. काय काय झालं ते सांगतो, सगळं गोड नाही.

डोमेन संस्थेच्या नावावर आलं. कॅनडावाल्याने रात्री जागून कागद पाठवले, बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतंच. ओटीपीसाठी संस्थेचं एक सिम घेतलं, साधा बटणांचा फोन, तो खतावणीकाकांकडे. (हो, काका नाशिकचेच निघाले, अशोकस्तंभाजवळ राहतात. रिचार्जची तारीख त्यांनी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिली आहे.) सहीची किल्ली माळ्यावरून उतरवली, नवी केली, तिघांत वाटून ठेवली. बोधचिन्हाचं लिहून घेतलं.

सभासदत्वाचा मसुदा असा: गेल्या वर्षभरात किमान तीन महिने काम. कामात काय धरायचं याची यादी आम्ही केली नाही, ताईंनी आणि निफाडच्या बाईंनी केली. तीत "चूक शोधून वहीत लिहिणे" पहिलं आहे, कोड चौथा. मतदानाआधी सहा महिने सभासद असणं जरूर. जुन्या २३ जणांना पत्रं पाठवली. चौघं रागावले, एकाने आपले शंभर रुपये परत मागितले. दिले, पावती घेतली.

मंडळ नऊचं करायचं ठरतंय. तीन जागा कोड आणि भाषांतरवाल्यांच्या, तीन वाचनालयांच्या, तीन कोणालाही खुल्या. शेतकरीदादा, हे तुमच्याकडून उचललं. यावर भांडण अजून चालू आहे. एक संस्थापक म्हणतो, ज्याला कोड वाचता येत नाही तो कोडविषयी काय ठरवणार? त्याला मी ती सतरा ओळींची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ओळी शेवटी तूच लिहिल्यास ना. त्यावर मला उत्तर सुचलं नाही. तो संस्थेत राहील असं वाटत नाही, आणि तो गेला तर अनुदानाच्या तक्त्यांचं सगळं काम अडेल, कारण ते त्यानेच लिहिलंय.

कंपनीला कळवलं: राखीव खुर्ची नाही. तुमच्या माणसांनी काम करावं, सभासद व्हावं, उभं राहावं, पण एका मालकाचे नवात दोनच. कामाचा क्रम दर तिमाहीला सगळ्यांसमोर ठरेल आणि संकेतस्थळावर लागेल. पाळीपत्रकच म्हणा. त्यांचं उत्तर आलं, "वरिष्ठांशी बोलून कळवतो." त्याला सोळा दिवस झाले.

म्हणजे दोन पोरांचा पगार तूर्त नाही. त्यातल्या एकाने पुण्यात नोकरी धरली. दुसरा म्हणतो दिवाळीपर्यंत थांबतो.

निवडणुकीची सभा पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेनऊ. विषयपत्रिका आठ दिवस आधी मिळेल. आयत्या वेळचे विषय म्हणून पैशाचा ठराव घ्यायचा नाही, हे काकांनी माझ्याकडून लिहून घेतलंय. मेव्हण्याने राजीनामा दिला, त्याच्या ताईने सांगितलं म्हणून.

---

चावट_चार्वाक
रविवार, रात्री ८.२२

आणि मिसळ?

---

गंगापूररोडकर
रविवार, रात्री ८.२५

सभा संपल्यावर. काकांची अट.

---

टेलचा_शेतकरी
सोमवार, सकाळी ५.५०

क्रम ठरवताना टेलपासून सुरू करा. पहिल्या तिमाहीत ज्यांचा संगणक सगळ्यांत जुना, त्यांचं काम.

---

पान_दुमडू_नका
सोमवार, दुपारी १.१०

माझा अर्ज आज टपालाने टाकला, निफाडच्या बाईंचाही.

दोन गोष्टी. साडेनऊला सभा ठेवलीत तर आमच्या गावाहून सकाळची एसटी धरून मी पोचते सव्वादहाला, बाई त्याहून उशिरा. अकराला ठेवा.

आणि "बिऱ्हाड" अजून सापडत नाही. "ऱ्य" चे शब्द येतात, "ऱ्ह" चे राहिलेत. "तऱ्हा" माझ्या वहीत तिसरा होता, पान दुसरं, फोटो पुन्हा पाठवते.